शेतातलं झाकण

बाबा, गेल्या रविवारी मी तुमच्या बिळात उतरून आले.

बीळ हा आईचा शब्द. तुम्ही त्याला चौकी म्हणायचात, आणि गुरुवारी संध्याकाळी निळसर करडा कोट घालून, डबा घेऊन निघायचात तेव्हा ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "जा जा, तुमचं बीळ वाट बघत असेल." मी ठरवून गेले असं मात्र समजू नका. मी कुठेच ठरवून जात नाही. तुम्हाला हे ठाऊक नसणार, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी पेन्सिलींना टोकं काढून दप्तर भरून ठेवणारी मुलगी होते. पुढे सगळं विस्कटलं. आई मला घेऊन सांगलीला परतली, तिथे कॉलेजात नाव घातलं, ते मधेच सुटलं. मग पुणे, मग गोवा, मग एक अख्खा उन्हाळा हिमाचलातल्या एका बेकरीत, आणि आता परत इकडे, कारण जन्म कॉव्हेंट्रीचा म्हणून पासपोर्ट तेवढा पक्का होता. सध्या मिल्टन कीन्सला असते. गोदामात काम करते, लोकांनी इंटरनेटवरून मागवलेले बूट आणि पुस्तकं खोक्यांत भरते. गाव म्हणजे राउंडअबाउटच राउंडअबाउट, सगळे गोल चौक एकासारखे एक. सगळे गाडीने फिरतात, मी पायी चालणाऱ्यांसाठीच्या लाल रस्त्यांवरून चालत जाते. मला बरं आहे ते, रस्ता चुकला तरी चुकल्यासारखं वाटत नाही.

त्या दिवशी निघाले होते आपलं जुनं घर बघायला. इकडे येऊन दोन वर्षं झाली, कॉव्हेंट्री ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर, आणि मी एकदाही गेले नव्हते. दर वेळी वाटेत दुसरंच काहीतरी दिसायचं. रविवारी रुळांचं काम चालू होतं, म्हणून ट्रेनऐवजी बस. ती खेड्याखेड्यांतून वळसे घेत निघाली. एका लहानशा स्टेशनापाशी थांबली तर कुंपणापलीकडे एक घोडा उभा, अंगात कोट घातलेला. खरंच कोट, पोटाखाली बंद बांधलेला. मी त्याला बघायला उतरले आणि बस निघून गेली. ड्रायव्हरचीही चूक नाही, मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. पुढची बस दीड तासाने. घोड्यालाही माझ्यात फारसा रस नव्हता. मग चालत सुटले. दोन्हीकडे मोहरीसारखी पिवळीधमक शेतं, डोळ्यांना झोंबणारी, आणि मधल्या वळणावर लाकडी खांबाला एक पाटी: अणुयुद्धाचं संग्रहालय, फक्त रविवारी, चहा मिळेल.

खरं सांगायचं तर मी चहासाठी गेले.

आधी त्या पिवळ्या रंगाबद्दल सांगते. लहानपणापासून मला एक स्वप्न पडतं. म्हणजे मी त्याला स्वप्नच समजत आले. सगळीकडे पिवळं आहे, आपण सहलीला आलोय, आई साडीवर लोकरीचं जॅकेट घालून आणि चपलेत मोजे घालून गवतात उभी आहे. तुम्ही जमिनीतलं एक झाकण उघडता आणि आत उतरता. नुसतं तुमचं डोकं गवतावर उरतं आणि ते हसून आम्हाला बोलावतं. आई म्हणते, "मी नाही हं विहिरीत उतरणार." मग कशी कोण जाणे ती उतरतेच. मी तुमच्या खांद्यावरून खाली येते. आत थंड, दमट, रॉकेलसारखा वास. आई पिशवीतून कुंकवाचा करंडा काढते, थर्मासमधल्या पाण्यात बोट बुडवते, आणि भिंतीवर काहीतरी लाल उमटतं. तुम्ही आम्हा दोघींना एका अरुंद बाकावर बसवता आणि म्हणता, "सरक गं, अजून थोडं सरक." तुमची वीत भिंतीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत चालत येते, सुरवंटासारखी. आई वैतागून म्हणते, "काय, फोटो काढायचाय का?" स्वप्न तिथेच संपतं. सांगलीत एकदा, दहावीच्या सुट्टीत, आईला विचारलं होतं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "स्वप्नच ते. तुझ्या बापाने कधी नेलं होतं आपल्याला सहलीला?"

संग्रहालय म्हणजे एक लाकडी खोली, शाळेच्या मागे असते तशी. आत हीटरचा वास, आणि भिंतींवर जपानच्या त्या दोन शहरांचे फोटो. मला वाटलं होतं भरभर बघून होईल. पण पाय हळू पडायला लागले. एका बाईच्या पाठीवर तिच्या कपड्यावरची नक्षी उमटलेली. गडद धागे होते तिथे कातडी भाजलेली, फिकट होते तिथे कमी. एका पायरीवर माणसाची सावली, माणूस नाही. आणि एका फोटोत शाळेच्या मुलाचा पत्र्याचा डबा, झाकण वाकलेलं, आत भात होता तो कोळसा झालेला. खाली लिहिलं होतं की डबा आईने ओळखला. माझ्या पाठीवरच्या पिशवीत तुमचा डबा होता, बाबा. तोच, तीन पुडांचा, कडीला वाकडेपणा असलेला. तुमच्या वस्तूंपैकी तेवढाच मी सगळीकडे घेऊन हिंडते. त्यात सकाळी केलेला फोडणीचा भात होता. मी पिशवी पाठीवरून काढून पोटाशी धरली. का ते माहीत नाही.

शेवटच्या भिंतीवर कॉव्हेंट्रीचा नकाशा होता, त्यावर कंपासने काढलेली वर्तुळं. बाँब गावाच्या मध्यावर पडला तर कुठल्या वर्तुळात काय उरेल, ते कडेला लिहिलेलं. मी घर बघायला निघाले होते ना, ते मला तिथे सापडलं. आपली गल्ली दुसऱ्या वर्तुळात. माझी शाळाही तिथेच. तुमचा गाड्यांचा कारखाना आणखी आत. आणि सगळ्या वर्तुळांच्या बाहेर, पिवळ्या कागदाचा एक छोटा त्रिकोण चिकटवला होता: तुम्ही इथे आहात.

तेव्हा ते भांडण डोळ्यांपुढे आलं. तुम्हाला आठवतं का? स्वयंपाकघरात तुम्ही जेवताय, मी टेबलाखाली तुमच्या बुटांच्या नाड्यांशी खेळतेय. आईच्या हातात सरकारी पत्रक आहे. बाँब पडणार असेल तर घरातली दारं काढून भिंतीला तिरकी लावा, त्यांवर मातीच्या पिशव्या रचा आणि खाली बसून राहा, असलं काहीतरी. आई मोठ्याने वाचते आणि विचारते, "दारं कोण काढणार? मी?" तुमचे बूट नुसते हलत राहतात. "आणि तुम्ही कुठे असाल?" तुम्ही म्हणता, "मला चौकीवर जावं लागेल. आम्ही मोजून कळवणार, कुठे पडला, केवढा पडला." "म्हणजे तुम्ही खाली." "ड्यूटी आहे अगं." "आणि आम्ही वर." यावर तुम्ही गप्प. तुमचा घास तोंडाजवळ थांबलेला मला दिसत नव्हता, पण बूट हलायचे थांबले होते.

बाबा, तेवढंच माझ्याकडे उरलं तुमचं. बूट आणि गप्प बसणं. कुठल्याही गावात जरा रुळायला लागलं, कुणी आपलं म्हणायला लागलं, की मला वाटायचं, वेळ आली की हा माणूस खाली जाईल आणि झाकण लावून घेईल. त्याआधी आपणच निघालेलं बरं.

चहा बाहेर मिळत होता, एका टेबलावर. तिथे बसलेला म्हातारा बहुधा तिकीटवाला, चहावाला, माहिती सांगणारा, सगळंच होता. गुलाबी टक्कल, कानात यंत्र. मला भूक लागली होती, आणि त्या फोटोनंतर डबा उघडायला हात धजत नव्हता. शेवटी उघडला. कडी खटकन वाजली तसा म्हातारा वळला आणि डब्याकडे बघत राहिला. मला वाटलं वासाने. मग तो अगदी सावकाश, इंग्रजी जिभेने म्हणाला, "डब्बा."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"हा डब्बा आहे ना? आमच्यात एक जण होता. असाच घेऊन यायचा. आम्ही त्याचं नावच ठेवलं होतं डब्बा. गुरुवारी आम्ही जेवून यायचो नाही, तो काय आणतोय बघायला. हिरवी मिरची ठेचून आणायचा एक, बाप रे! खाली एवढीशी जागा, आणि तिघंही रडतोय." तो हसला, मग थांबला. माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "तू डब्बाची मुलगी आहेस का?"

मी इतकी वर्षं इतक्या ठिकाणी फिरले, मला कुणी तुमची मुलगी म्हणून ओळखलं नव्हतं. सांगलीत मी आईची. मी नुसती मान हलवली. त्याने माझ्या कपात आणखी चहा ओतला, तो बशीत सांडला, त्याचं त्याच्या लक्षात आलं नाही. तो तुमचा चौकीप्रमुख होता, नोकरी सांभाळून बाँबची नोंद ठेवायला शिकणाऱ्या तुमच्या तिघांच्या तुकडीचा. तिसरा वारला म्हणे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते त्याने विचारलं, मी सांगितलं. मग तो म्हणाला, "चल, तुला एक दाखवायचंय. शिडी उतरशील ना? तुझी आई उतरली होती, साडीत."

मी उभीच राहिले. "माझी आई इथे आली होती?"

"तूही आली होतीस. मला नंतर कळलं. फार वाईट पद्धतीने कळलं." आणि तो एकटाच मोठ्याने हसला.

खोलीच्या मागे गवतात झाकण होतं. हिरवा रंग दिलेलं, जड. त्याने उघडलं, आधी मी उतरले, मागून तो कुरकुरत. खाली तोच वास, बाबा. थंड, दमट, रॉकेलसारखा. मी स्वप्नात इतक्यांदा उतरलेय की हात न चाचपडता शिडीवर पडत होते. एक टेबल, वर नळीला जोडलेली घड्याळासारखी यंत्रं, अरुंद बाक, आणि काँक्रीटची भिंत. मलई रंगाच्या त्या भिंतीवर, बाकाच्या वर, एक गुलाबी डाग. नीट बघितलं तर चार हात. चार ठिपके.

"स्वस्तिक," मी म्हटलं.

"तू म्हणतेस तसं," म्हातारा म्हणाला. "मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा आमच्या कॉव्हेंट्रीवर बाँब पडले. आमची अख्खी गल्ली गेली, माझी आजी गेली. आणि एका गुरुवारी मी इथे उतरतो, टॉर्च लावतो, तर हे! लालभडक. ओघळ आलेले. मला वाटलं कुणी नाझी पोरं घुसली. मी वर पोलिसांना फोन करायला निघालो, तर डब्बा शिडीवर, रस्ता अडवून. पांढराफटक पडलेला. म्हणाला, माझ्या बायकोने काढलंय. मी हात उगारला होता, तुला खरं सांगतो. तुझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतले, पण बाजूला झाले नाहीत. म्हणाले, नवीन घरात पाऊल टाकताना आमच्यात हे काढतात. तिने घर म्हणून काढलंय."

"मग?"

"मग मी विचारलं, घर? कुणाचं घर? बायकोला इथे आणलीसच कशाला? नियम माहीत आहेत ना?" म्हातारा बाकावर टेकला. गुडघे चोळायला लागला. "तेव्हा तो म्हणाला, चीफ, माझी इथे एक जागा आहे. त्या एका जागेत त्या दोघी मावतात. बसवून बघितलं. मी म्हटलं, आणि तू? म्हणाला, कागद बदलायला कुणीतरी वर लागतंच. मी वरच असेन."

कागदाचं मला त्याने नंतर सांगितलं. वर गवतात एक पांढरा डबा होता, चार भोकांचा, आत फोटोचा कागद. बाँबचा उजेड भोकातून आला की त्या कागदावर ठिपका जळायचा, त्यावरून बाँब कुठे पडला ते कळायचं. मात्र स्फोटानंतर कुणीतरी वर जाऊन तो कागद काढून आणायचा. ते काम तुम्ही आपणहून मागून घेतलं होतं. सगळ्यांना वाटायचं, काय हौस आहे या माणसाला.

"तुम्ही त्यांना काढून टाकलं?" मी विचारलं.

"कुणाला सांगितलंच नाही. तिघांनी मिळून रंग दिला. दुसऱ्या वर्षी ओल आली, डाग परत वर. परत रंग दिला, परत वर. तुमचं ते कुंकू फार चिवट आहे." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मला राग आला होता तो त्या खुणेचा नव्हता. मी इतकी वर्षं इथे येत होतो. माझ्या बायकोचं काय, हे मी कधी मोजलंच नव्हतं. मनातसुद्धा नाही. त्या रात्री घरी गेलो, तर ती टीव्ही बघत बसली होती. मी तिला काही सांगू शकलो नाही."

तो वर गेला, कुणीतरी पाहुणे आले होते. मी थोडा वेळ खालीच होते. त्याबद्दल शेवटी सांगते.

उतरत्या दुपारी स्टेशनवरून आईला फोन लावला. "काय गं," ती म्हणाली, "आज कुठल्या गावात उगवलीस?" मागे कुकर होता. मी म्हटलं, "आई, शेतातलं बीळ खरं होतं." तिकडे भांडं आपटलं. मी म्हटलं, "तू स्वप्न का म्हणालीस मग?"

"काय सांगणार होते पोरीला? तुझा बाप स्वतःची लपायची जागा दाखवायला घेऊन गेला होता, असं? बघा, मी किती छान सुरक्षित बसणार! एवढं ऊन पडलेलं, मी पुऱ्या करून घेतलेल्या. घास उतरला नाही मला."

"पण स्वस्तिक काढलंस."

"चिडले होते. पण म्हणून माणसाला नुसत्या भिंतीखाली कसं सोडायचं?"

मग मी सांगितलं. जसं म्हाताऱ्याने सांगितलं तसंच, एक जागा, दोघी, कागद. मधेच फोनकार्ड संपतंय म्हणून रेकॉर्डवरची बाई बोलली, तिच्यावरूनही मी बोलत राहिले. कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "वितीने मोजत होते. मला वाटलं, कपाट बसवायचंय." आणि रागावून, तुमच्याशी बोलायची त्याच आवाजात: "मग बोलायचं होतं ना. तोंड होतं की त्यांना." फोन तुटायच्या आधी तिने विचारलं, "ओल आहे का तिथे अजून?" मी म्हटलं, "आहे." "हां," ती म्हणाली. "त्यांना लगेच सर्दी व्हायची."

घर बघायचं राहिलं, बाबा. पुढच्या रविवारी जाईन. यावेळी घोडा दिसला तरी उतरणार नाही, असं आज तरी वाटतंय. हे कागद घडी करून डब्याच्या तळच्या पुडात ठेवतेय, भात वरच्या दोनांत पुरतो. टाकायला पेटी कुठली शोधू!

आता ते राहिलेलं. म्हातारा वर गेल्यावर मी बाकावर बसले आणि वितीने मोजलं, भिंतीपासून गुडघ्यापर्यंत. माझी वीत तुमच्याएवढी झालीय. आणि मी आता मावत नाही. म्हणजे एकटी मावते, पण आई शेजारी बसायची नाही. तुमच्या हिशेबात मी लहानच होते. वरून म्हातारा ओरडला, "ठीक आहेस ना खाली?" मी म्हटलं, "हो, येते." पण उठले नाही. कुठूनही उठायला मला वेळ लागत नाही, तुम्ही आईला विचारा. पाय पोटाशी घेतले, भिंतीला अंग लावलं, आणि सरकले. अजून थोडी सरकले. शेजारी वीतभर जागा झाली. वीतभरच. पण तुम्ही तसे बारीकच होतात.